भिक्खू, दानपेटी आणि भुकेला माणूस

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत. त्यांपैकी शेवटचा प्रश्न भिक्खूविषयी आहे. भगवान बुद्धांनी भिक्खूची निर्मिती कशासाठी केली? एक परिपूर्ण माणूस घडवावा म्हणून, की लोकांची सेवा करणारा समाजसेवक उभा करावा म्हणून? भिक्खू केवळ स्वतःच्या पूर्णत्वामागे लागलेला असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही. तो समाजसेवक असेल तरच धम्माला भवितव्य आहे, असा बाबासाहेबांचा रोख होता. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. परंतु त्याआधी, १९५० साली, महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात त्यांनी हीच गोष्ट अधिक कठोर शब्दांत मांडली होती. भिक्खूंची संख्या मोठी आहे, पण त्यांच्या ठायी विद्या नाही आणि सेवाही नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. सेवेच्या बाबतीत भिक्खू संघापेक्षा रामकृष्ण मिशनचे नाव लोकांना अधिक ठाऊक असावे, याची त्यांना खंत होती.

धर्मांतराला सहा दशकांहून अधिक काळ लोटला. आपल्या वस्त्यांतून विहारे उभी राहिली, वंदना सुरू झाली, वर्षावास होऊ लागले. पण बाबासाहेबांचा चौथा प्रश्न आपण सोडवला का? आज भिक्खूचा आणि समाजसेवी संस्थेचा संबंध नेमका कसा असावा, याविषयी आपल्याकडे गंभीर चर्चा क्वचितच होते. भिक्खूने संस्था चालवावी काय? पैसा हाताळावा काय? की त्याने फक्त परित्राणपाठ करावा आणि कारभार गृहस्थांवर सोपवावा? आणि त्याने मार्गदर्शन करायचे म्हणजे नेमके काय करायचे? बाहेरच्या बौद्ध जगात या प्रश्नांची काही उत्तरे प्रत्यक्ष कामातून दिली गेली आहेत. त्यांपैकी दोन उदाहरणे येथे तपासायची आहेत.

तत्पूर्वी मदतीविषयी थोडे बोलले पाहिजे. कारण मदत ही आपल्या समाजाला कधीच साधी गोष्ट नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात प्रस्तुत लेखक लहान होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या पोरांना सुकडी वाटली जाई. रांगा दोन असत. गावच्या रांगेत वाटणारा माणूस वाकून, भांड्याला भांडे टेकवून सुकडी घाली. आमच्या रांगेत आला की त्याचा हात आपोआप हातभर वर जाई आणि सुकडी वरून पडे. वाऱ्याने थोडी उडून मातीत जाई, ती आम्ही वेचत असू. माप दोन्ही रांगांना सारखेच होते. वाटणाऱ्याने आमच्या वाट्यातले काहीही खाल्ले नाही. तरीही त्या सुकडीने पोट भरले आणि मान खाली गेली. दानाचा हिशेब करताना काय दिले एवढेच पाहून भागत नाही. हात किती उंचावरून आला, हेही पाहावे लागते. पुढील दोन्ही उदाहरणांना मी हीच कसोटी लावणार आहे.

पहिले उदाहरण तैवानचे आहे. तेथील बौद्ध परंपरा महायानी. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील भिक्खू प्रामुख्याने मृतांसाठी करावयाच्या विधींवर जगत होते. कोणी मेले की भिक्खूला बोलवायचे, एरवी त्याची आठवण नाही. या अवस्थेवर भिक्खू ताय शू (१८९०–१९४७) यांनी कडाडून टीका केली. बौद्ध धम्म हा मेलेल्यांचा आणि भुताखेतांचा नव्हे, तो जिवंत माणसांचा आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचेच विचार भिक्खू यिन शुन (१९०६–२००५) यांनी तैवानमध्ये पुढे नेले. माणसांच्या जगातला, याच जन्मातला बौद्ध धम्म ही त्यांची भूमिका. बाबासाहेबांची भूमिका ज्यांनी वाचली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल.

१९६३ साली या यिन शुन यांच्याकडे एक तरुणी दीक्षेसाठी आली. तिचा जन्म १९३७ चा. वडिलांच्या मृत्यूनंतर घर सोडून ती सत्याच्या शोधात निघाली होती. गुरूने तिला चेंग येन हे नाव दिले आणि बौद्ध धम्मासाठी व सर्व प्राणिमात्रांसाठी जग, एवढाच उपदेश केला. चेंग येन तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरील हुआलिएन या मागास भागात जाऊन राहिल्या. या भागात आदिवासींची वस्ती मोठी आणि दारिद्र्य भयंकर.

१९६६ साली दोन गोष्टी घडल्या. एका दवाखान्यात चेंग येन यांना जमिनीवर रक्त सांडलेले दिसले. चौकशी केली तेव्हा असे कळले की एका आदिवासी बाईला अडलेल्या अवस्थेत डोंगरातून आणले होते; अनामत रक्कम भरायला पैसे नव्हते, म्हणून तिला परत न्यावे लागले. या हकीकतीच्या तपशिलांवरून अनेक वर्षांनी न्यायालयात वादही झाला. परंतु अनामत रकमेशिवाय रुग्णाला दाखल न करण्याची रीत त्या काळी तैवानमध्ये होती, हे खरेच. दुसरी गोष्ट अशी, की तीन कॅथलिक जोगिणी चेंग येन यांना भेटायला आल्या. धर्मचर्चा झाली. जाताना त्यांनी विचारले, की तुमचा धर्म प्राणिमात्रांवरील करुणेची भाषा करतो, मग बौद्धांच्या शाळा कुठे आहेत, रुग्णालये कुठे आहेत? बाबासाहेबांनी १९५० साली विचारलेला प्रश्नच सोळा वर्षांनी तैवानच्या एका झोपडीवजा विहारात ख्रिस्ती बायांनी विचारला.

त्याच वर्षी 'त्सु ची' ही संस्था सुरू झाली. नावाचा अर्थ करुणा आणि साहाय्य. आरंभ असा : विहारात चेंग येन व त्यांच्या शिष्या मिळून सहा जणी होत्या. त्या लहान मुलांचे जोडे शिवून पोट भरत. प्रत्येकीने रोज एक जोड जास्त शिवायचा आणि त्याचे पैसे कामाला द्यायचे, असे ठरले. त्याचबरोबर गावातल्या तीस गृहिणींना बांबूची नळकांडी देण्यात आली. बाजाराला निघताना रोज अर्धा तैवानी डॉलर त्यात टाकायचा. कोणीतरी विचारले, महिन्याचे पंधरा डॉलर एकदम दिले तर चालणार नाही का? चेंग येन यांनी नकार दिला. महिन्यातून एकदा दिले तर महिन्यातून एकदाच दुसऱ्याची आठवण होईल. रोज दिले तर रोज होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

भिक्खुणीचे मार्गदर्शन म्हणजे काय, याचे उत्तर या लहानशा प्रसंगात आहे. हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही रकमा सारख्याच. कारभारी माणूस महिन्याची सोय पत्करील, कारण त्यात कष्ट कमी. पण देणाऱ्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न फक्त चेंग येन यांनी विचारला. कामाच्या प्रत्येक पायरीवर हा प्रश्न विचारत राहणे, हेच धम्माचे मार्गदर्शन.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. हुआलिएनमध्ये रुग्णालय बांधण्यासाठी वर्षानुवर्षे निधी जमवण्यात आला आणि १९८६ साली ते सुरू झाले. तेथे अनामत रक्कम मागायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. १९८९ साली परिचारिकांचे विद्यालय आणि १९९४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९९३ पासून अस्थिमज्जा देणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली. सप्टेंबर १९९९ च्या मोठ्या भूकंपात पडलेल्या शाळांपैकी सुमारे पन्नास शाळा संस्थेने नव्याने बांधून दिल्या. २०१० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने तिला विशेष सल्लागार दर्जा दिला. आज अनेक देशांत निळा सदरा आणि पांढरी विजार घातलेले तिचे स्वयंसेवक दिसतात.

या पसाऱ्यापेक्षा त्यामागच्या तीन नियमांचे महत्त्व आपल्याला अधिक आहे.

पहिला नियम असा, की भिक्खुणी दानावर जगत नाहीत. संस्थेकडे पैशांचा ओघ लागला तरी विहारातील भिक्खुणी आपले पोट आपल्या कष्टावर भरतात. पूर्वी जोडे आणि स्वेटर होते. पुढे मेणबत्त्या, धान्याचे पीठ आणि शेती आली. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही, ही चीनमधील ध्यान परंपरेची जुनी शिस्त त्यांनी पाळली. ज्याचे पोट दानपेटीवर अवलंबून आहे तो दात्याला खरे बोलू शकत नाही. गावच्या भटजीला आपण हजार वर्षे पाहिले आहे. दक्षिणेवर जगणाऱ्याचा धर्म दक्षिणा देणाऱ्याच्या बाजूनेच बोलतो, हे दलित माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरा नियम असा, की देणाऱ्याने वाकायचे. मदत वाटताना स्वयंसेवक दोन्ही हातांनी वस्तू देतो, कमरेत वाकतो आणि घेणाऱ्याचे आभार मानतो. तुमच्यामुळे आम्हाला चांगले कृत्य करता आले, हा त्यामागचा विचार. हे नाटकी वाटेल, काही ठिकाणी ते नुसते कवायतीसारखे होतही असेल. पण सुकडीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोराला या वाकण्याचा अर्थ कळतो. तेथे हात वर उचलण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावलेली होती. येथे हात खाली आणण्याची सवय लावली जाते. दोन्ही सवयी शिकवाव्या लागतात. पहिली मनूने शिकवली, दुसरी कोणी शिकवायची?

तिसरा नियम घरी जाऊन पाहण्याचा. दुःखिताचे घर, त्याची चूल, त्याचे अंथरूण पाहिल्याशिवाय मदत ठरवायची नाही आणि मदत दिल्यावर पुन्हा पुन्हा जायचे. जाण्यायेण्याचा खर्च स्वयंसेवकाने आपल्या खिशातून करायचा, दानाच्या पैशातून नाही.

एवढे सांगून थांबलो तर हा लेख प्रशस्तिपत्र होईल. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संस्थेची सारी निष्ठा एका व्यक्तीभोवती गोळा झाली आहे. गुरुभक्तीच्या अशा वातावरणात प्रश्न विचारणे कठीण होते. २०१५ साली तैपेई शहराच्या नेइहू भागातील जमिनीवर बांधकाम करण्याच्या योजनेवरून मोठी टीका झाली. पर्यावरणाचे आणि संस्थेच्या आर्थिक पारदर्शकतेचे प्रश्न जाहीरपणे विचारले गेले आणि शेवटी ती योजना सोडून द्यावी लागली. भिक्खुणी निःस्पृह असल्या तरी संस्थेच्या तिजोरीला जनतेचा पहारा लागतोच, हा त्यातला धडा.

याहून गंभीर आक्षेप दहाव्या शीलाचा आहे. त्सु ची संस्थेचे स्वयंसेवक दहा शिले घेतात. पहिली पाच म्हणजे आपलेच पंचशील. पुढची काळाला धरून आहेत : धूम्रपान व सुपारी नको, जुगार नको, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, वाहतुकीचे नियम पाळावेत. आणि दहावे असे, की राजकारणात व मोर्चा-निदर्शनांत भाग घ्यायचा नाही. हे शील घालण्यामागचा इतिहास समजण्यासारखा आहे. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता. संस्था जगवायची तर राजकारणापासून दूर राहणे भाग होते. शिवाय कोणत्याही पक्षाच्या माणसाकडे मदत घेऊन जाता यावे, हाही हेतू असेल. परंतु १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेलेल्या माणसांनी हे दहावे शील घेतले असते तर काय झाले असते? तहानलेल्याला पाणी नेऊन देणे ही करुणा. पण तळे असताना त्याला तहानलेले कोणी ठेवले, हा प्रश्न विचारायला मोर्चाच लागतो. जी करुणा दुःखाचे कारण विचारत नाही, ती दुसऱ्या आर्यसत्यापाशी अडते.

हाच प्रश्न दुसऱ्या उदाहरणात वेगळ्या रीतीने पुढे येतो. भिक्खू बोधी यांचा जन्म १९४४ साली न्यूयॉर्कमधील एका ज्यू कुटुंबात झाला. तत्त्वज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन ते १९७२ साली श्रीलंकेला गेले आणि थेरवादी भिक्खू झाले. पुढे कँडी येथील बुद्धिस्ट पब्लिकेशन सोसायटीचे संपादक व अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. मज्झिम, संयुत्त आणि अंगुत्तर या निकायांची त्यांची इंग्रजी भाषांतरे जगभर वापरली जातात. म्हणजे हे गृहस्थ मुळात ग्रंथांत रमणारे. २००२ साली ते अमेरिकेला परतले.

२००७ साली त्यांनी एका बौद्ध नियतकालिकात लेख लिहून आपल्या धर्मबांधवांना आव्हान दिले. अमेरिकेतील बौद्ध मंडळी ध्यानात आणि मनःशांतीत गढली आहेत. जगातल्या प्रचंड दुःखाकडे, भुकेकडे आणि अन्यायाकडे त्यांचे लक्ष नाही, असा त्याचा आशय होता. लेख वाचून त्यांचे काही शिष्य आणि मित्र एकत्र आले आणि २००८ साली 'बुद्धिस्ट ग्लोबल रिलीफ' ही संस्था स्थापन झाली. भूक आणि कुपोषण हे तिने आपले क्षेत्र ठरवले.

भूकच का? अट्ठकथेत आळवी नगरीची एक गोष्ट आहे. तेथील एका गरीब शेतकऱ्याला उपदेश करावा म्हणून भगवान बुद्ध लांबची वाट चालून गेले. शेतकऱ्याचा बैल हरवला होता. दिवसभर रानात हिंडून तो उपाशीपोटी सभेला आला. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे जेवण होईपर्यंत उपदेश थांबवून ठेवला. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भूक हाच सर्वांत मोठा रोग आहे, असे भगवंतांनी त्यांना समजावले. भिक्खूने भुकेविषयी बोलावे की नाही, या शंकेला यापेक्षा वेगळे उत्तर नको.

या संस्थेची रचना तैवानच्या संस्थेहून निराळी आहे. कारभार बहुतांशी गृहस्थ स्वयंसेवक पाहतात. भिक्खू-भिक्खुणी दिशा दाखवतात, सल्ला देतात, धम्माच्या आधाराने कामाचा अर्थ सांगतात. संस्था स्वतःचे दवाखाने वा शाळा काढत नाही. त्या त्या देशात काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना पैसा पुरवते, मग त्या बौद्ध असोत वा नसोत. हैतीमध्ये मुलांना जेवण, कंबोडियात भातशेतीच्या सुधारित पद्धतीचे शिक्षण, अशी ही कामे आहेत. कंबोडियातीलच आणखी एक योजना पाहण्याजोगी आहे. गरीब घरची मुलगी शाळेत गेली की घरातली एक मजुरी बुडते. म्हणून मुलगी शाळेत टिकावी यासाठी तिच्या घराला तांदूळ दिला जातो. येथे धान्य पोटही भरते आणि शाळेचे दारही उघडे ठेवते. नुसते भूक भागवणारे दान आणि भुकेचे कारण हलवणारे दान, यांतला फरक येथे दिसतो.

भिक्खू बोधी यांच्या मार्गदर्शनाचा हाच गाभा आहे. करुणेला न्यायाची जोड हवी; माणसे उपाशी राहतात ती धान्य कमी म्हणून नव्हे, तर समाजरचना आणि अर्थरचना अन्याय्य आहे म्हणून, असे ते सातत्याने सांगत आले आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हवामान बदलाच्या प्रश्नावर विराट मोर्चा निघाला, तेव्हा चीवर घातलेला हा वृद्ध पंडित त्यात चालला. तैवानचे दहावे शील त्यांनी घेतलेले नाही. थेरवादी देशांत भिक्खुणी संघाच्या पुनरुज्जीवनाला विरोध होत असताना त्यांनी त्याचा पुरस्कार केला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

या संस्थेचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या भिक्खुणी अय्या येशे यांनी नागपूरच्या गरीब वस्त्यांत बोधिचित्त फाउंडेशन ही संस्था उभी केली. मुलींचे वसतिगृह, स्त्रियांचे प्रशिक्षण असे तिचे काम आहे आणि त्याला बुद्धिस्ट ग्लोबल रिलीफने साहाय्य केले आहे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी बुद्धाला शरण जाण्याची प्रतिज्ञा केली, त्या शहरातील मुलींसाठी परदेशी भिक्खुणी राबते आणि परदेशी बौद्धांचा पैसा येतो. याचा आनंद मानावा, कारण बौद्ध जगाने आपल्याला आपले मानले. पण त्याबरोबर थोडी अस्वस्थताही वाटली पाहिजे. आपल्यातील शिकलेला, नोकरीत स्थिरावलेला वर्ग काही लहान नाही. त्याच्या घरात बांबूचे नळकांडे का नाही?

यावर एक आक्षेप येईल. आपल्या समाजातून झालेला भिक्खू आधीच उपेक्षित आहे. त्याला धड भोजनदान मिळत नाही, आजारी पडला तर विचारणारे कोणी नाही. त्याच्याकडून सेवेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आक्षेप खरा आहे. विनयातच एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः त्याला धुतले आणि आजाऱ्याची सेवा ही तथागताचीच सेवा आहे, असे संघाला सांगितले. संघाचे हे कर्तव्य आज उपासकांचेही आहे. परंतु भिक्खूची आबाळ हा त्याला सेवेपासून सूट देण्याचा आधार होऊ शकत नाही. हुआलिएनच्या सहा जणींकडेही जोडे शिवण्याच्या सुईखेरीज काही नव्हते.

दोन्ही उदाहरणे एकत्र पाहिली तर आपल्या विहारांपुरती काही सूत्रे हाती येतात. विहाराच्या आणि संस्थेच्या तिजोरीची किल्ली भिक्खूकडे नसावी. ती गृहस्थांकडे असावी आणि हिशेब दर पौर्णिमेला भिंतीवर लागावा. सोने-चांदी न स्वीकारण्याचा विनयाचा नियम भिक्खूला हलके ठेवतो. जो पैशाचा मालक नाही तोच पैशाविषयी निर्भयपणे बोलू शकतो. भिक्खूने रुग्णालयात, वसतिगृहात, झोपडपट्टीत स्वतः जावे आणि तेथे काय दिसले ते वंदनेनंतर उपासकांना सांगावे. मदत देणाऱ्याच्या मनात अहंकार उगवला तर तो दाखवून देण्याचा अधिकार त्याला असावा, मग देणारा कितीही मोठा असो. वह्या वाटताना पोरांना ओळीने उभे करून छायाचित्रे काढणारा पुढारी आपलाच असला, तरी त्याला थांबवणारा भिक्खू आपल्याला हवा आहे. आणि अन्याय झाला असेल तेथे मदतीचे गाठोडे घेऊन गेलेल्या माणसाने अन्यायाविषयीही बोलले पाहिजे. त्याच्या तोंडावर शीलाचे कुलूप घालणे आपल्याला परवडणारे नाही.

बाबासाहेबांच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. त्सु ची संस्थेची सुरुवात सहा भिक्खुणी आणि तीस गृहिणी यांनी केली. एवढी माणसे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.